पोटखराब

चि. बाळूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, पोटखराबच आहे ना ती जमीन? तिथं काय पिकतंय?" तेवढ्यात तुझी मीटिंग लागली आणि फोन बंद झाला. झालं ते बरं झालं. फोनवर मला नीट उत्तर सुचत नाही, आणि सुचलंच तर आवाज चढतो. मग बाजेवरून तुझे बाबा म्हणतात, पोरगं कामात असतंय, कशाला डोकं खातीस त्याचं. म्हणून लिहायला बसले. बचत गटाच्या जुन्या वहीची मागची पानं आहेत ही. मधूनच कुणाच्या हप्त्याचा आकडा दिसला तर तिकडं बघू नकोस.

रस्त्याच्या कामासाठी मुरूम नेणारा मुरूमवाला दोनदा येऊन गेला. दोन एकर माळ, सहा फुटांपर्यंत खोदाई, पाच लाख रोख, परवानगी अन् रॉयल्टीचं तो बघणार. माणूस वाईट नाही, चहाची कपबशी स्वतः विसळून ठेवली. फ्लॅटच्या बुकिंगला तुला पैसे कमी पडतायत हेही मला कळतं. बाबांनी तुझ्यावर सोडलं, तू 'पोटखराब' म्हणून मोकळा झालास, आणि सही मात्र माझी लागणार आहे. येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण, झाली की सांगते, असं त्याला म्हटलंय. येळवसला बारा दिवस आहेत.

माळ माझ्या नावावर कसा आला हे तुला कुणी सांगितलं नसेल. नव्वदच्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची लक्ष्मीमुक्ती गावोगाव फिरत होती. बायकांच्या नावे जमीन करा म्हणून. आबा छातीवर लाल बिल्ला लावणारे. भर सभेत उठले आणि म्हणाले, आजपासून दोन एकर कारभारणीच्या नावावर. टाळ्या पडल्या. घरी आल्यावर आजीनं विचारलं, कुठली दोन? तर हा माळ! काळीतला एक गुंठाही नाही. आजी हे सांगताना हसायची, पण ते हसू काही खरं नव्हतं. जायच्या आधी तिनं तो मुलाच्या नावावर न करता माझ्या नावावर केला. म्हणाली, "ह्यो बायकांचाच ऱ्हाऊ दे. गड्यांना ह्यातलं काही दिसत नाही."

मलाही लवकर दिसलं नाही. लग्न होऊन आले ते १९९२ साली, भूकंपाच्या आदल्या वर्षी. माळावर जायचं ते जळणाला, शेण्या वेचायला, नाहीतर रडायला. सातबाऱ्यावर लागवडीखालची जमीन एका रकान्यात आणि पोटखराब दुसऱ्या रकान्यात, हे मला तलाठी कार्यालयात पहिल्यांदा कळलं. नांगर चालत नाही ती पोटखराब. कुणाचं पोट खराब झालं म्हणून हे नाव पडलं कुणास ठाऊक.

तर, काय पिकतंय.

आधी पाणी सांगते. आपली विहीर सात परस. माळ उतरतो आणि काळी सुरू होते, बरोबर त्या सांध्यावर आबांच्या वडिलांनी ती खांदली. पाणाड्या आणला होता म्हणे, पण जागा दाखवली ती एका धनगरानं. म्हणाला, माळाच्या पायथ्याला उंबर आहे, तिथं घ्या. आता भूजलवाले साहेब गावात पाण्याचा ताळेबंद मांडायला आले होते तेव्हा त्यांनी हेच नकाशा काढून सांगितलं. आपल्या मराठवाड्याच्या पोटात काळा पाषाण. त्याच्यात स्वतःचं पाणी धरायला जागा नाही. पाणी धरतो तो त्याच्यावरचा झिजलेला, भुगा झालेला थर, आणि पाषाणात भेगा असतील त्या. तो भुगा म्हणजेच मुरूम. काळी माती पहिल्या पावसाला भेगांतून घटाघटा पिते, पण एकदा भिजली की फुगते, भेगा मिटतात, मग वरचं पाणी वाहून ओढ्याला. मुरूम तसा नाही. तो पीतच राहतो. म्हणजे विहीर काळीत दिसत असली तरी तिचं तोंड माळावर आहे.

२०१६ आठवतंय? तू बारावी देऊन सीईटीसाठी लातूरला खोलीवर राहिला होतास. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, भांडणं होऊ नयेत म्हणून. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, जलदूत. तू फोन करून सांगितलंस, आई, स्टेशनवर लोक गाडी बघायला गेलेत, कुणी हार घेऊन गेलंय. मी एक दिवसाआड एसटीत दोन कॅन चढवायची, कंडक्टर कुरकुर करायचा, मग त्यालाही एक बाटली भरून द्यायची. ते पाणी ह्या विहिरीचं होतं. दिवसाला चार घागरीच यायच्या, सकाळी उतरून वाटीनं भराव्या लागायच्या, पण आटली नाही. गावातल्या साडेसातशे फुटांच्या बोअरनी तेव्हा नुसती हवा फेकली होती.

परवा शेजारच्या आठवीतल्या पोरीला बसवून मी हिशोब केला. दोन एकर म्हणजे ८,०९४ चौरस मीटर. आपल्याकडं सालाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरू, काही साली जास्त पडतो, काही साली तोंडाला पानं पुसतो. म्हणजे माळावर वर्षाला साडेछप्पन लाख लिटर पडतं. जलदूतच्या पहिल्या खेपेला दहा टाक्या होत्या, पन्नास हजार लिटरची एक, म्हणजे पाच लाख लिटर. आपल्या पोटखराबीवर दर पावसाळ्यात तशा अकरा गाड्या उतरतात. सगळं मुरत नाही. उन्हानं उडतं, गवत पितं, ओढ्याला जातं. दहातला एक वाटा मुरला तरी एक अख्खी रेल्वे विहिरीच्या दिशेनं चालू लागते. तिला मिरज लागत नाही, इंजिन लागत नाही, हार लागत नाही.

तू म्हणशील, खोदल्यावर खड्डा होईल, त्यात आणखी पाणी साठेल, मग मुरेलच की. मलाही तसंच वाटलं होतं. पण पलीकडच्या शिवारात तीन वर्षांपूर्वी असाच माळ खोदला. मुरूम निघाला तसा खाली काळाभोर दगड उघडा पडला, त्याला फट नाही. पावसाळ्यात तिथं तळं दिसतं, म्हशी डुंबतात, पोरं पोहतात, आणि संक्रांतीपर्यंत सगळं उन्हानं चाटून नेलेलं असतं. त्याच्या खालच्या अंगाची विहीर आधी अक्षयतृतीयेपर्यंत चालायची. आता होळीला तळ दाखवते. मालकानं त्या पैशातून बोअर घेतली. बोअरचं मी तुला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं ज्याच्या बोअरला पाणी लागतं तो लगेच ऊस लावतो, आणि पाऊस सातशे पडणाऱ्या मुलखात दीड-दोन हजार मिलिमीटर पाणी पिणारं पीक उभं राहतं. जाऊ दे, ह्यावर लिहायला लागले तर वही पुरणार नाही, आणि तुझे दोन्ही मामा ऊसवाले.

पैशाचाही हिशोब केलाय बरं. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन एकर सहा फूट खोदलं तर पाच हजार दोनशे ब्रासच्या वर मुरूम निघतो. पाच लाखाला दिला तर ब्रासला शंभर रुपयेही पडत नाहीत. आणि माझ्या नऊ शेळ्या, उस्मानाबादी, बहुतेक जुळं देणाऱ्या. गेल्या वर्षी अकरा बोकड विकले, शहाऐंशी हजार आले. वैरणीवर खर्च शून्य, कारण त्या ह्या माळावर चरतात. म्हणजे मुरूमवाल्याचे पाच लाख शेळ्यांनी सहा वर्षांत दिले असते, आणि सातव्या वर्षी माळ जागेवर असता.

आता गवत. मी तुला सरळ सांगते, चार वर्षांपूर्वीपर्यंत मलाही गवत म्हणजे गवतच होतं. मग ती नोंदवही आली.

जैवविविधतेचा कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीला एक समिती करावी लागते आणि गावात कुठली झाडं, पाखरं, जनावरं, बियाणं, कोण काय औषध जाणतं हे सगळं लोकांना विचारून लिहायचं असतं. समितीत सदस्यांपैकी तिसरा हिस्सा बायका हव्यात. म्हणून ग्रामसभेत दोन नावं हवी होती, आणि मी त्या दिवशी नेमकी पुढं बसले होते. झाले सदस्य! वर्षभर कुणी बोलावलं नाही. मग एक दिवस एक माणूस लॅपटॉप घेऊन आला, दुपारी जेवला, सरपंचाच्या ओसरीवर झोपला, आणि संध्याकाळी आमच्या सह्या घेऊन गेला. महिन्याभरानं छापील नोंदवही आली. सुंदर पुठ्ठा. मी चष्मा लावून वाचायला बसले. आपल्या गावात फणस आहे. शेकरू आहे. भाताच्या चार जाती आहेत. बाळू, आपल्या गावात भात! कुठल्या तरी कोकणातल्या गावाची वही उतरवली होती त्यानं. आपली बोर नव्हती, हिवर नव्हता, तरवड नव्हता. देवणी गाय नव्हती. जी गाय उदगीर-देवणीच्या मातीतून निघाली, ती आपल्या जिल्ह्यातल्या गावाच्या वहीत नाही, आणि शेकरू आहे.

माझी सही होती खाली. तीच सलत राहिली.

मग मी गटाच्या दोघी-तिघींना घेतलं आणि शंभर पानी वही आणून पहिल्यापासून लिहायला लागले. चार वर्षं झाली, अजून चाललंय. धनगरवाड्यातला म्हातारा आठवतो ना, तुला काठीनं घाबरवायचा तो? त्याच्याबरोबर चार वेळा माळ फिरले. तो बोटानं दाखवायचा, मी लिहायची. पवन्या, मारवेल, शेडा, कुंदा, कुसळी. पवन्या आणि मारवेल दुधाचं गवत, गाईला टाकलं की सांजेला चरवीत कळतं. कुसळी कोवळी असताना चारा, तुरा आला की जनावर तोंड फिरवतं. त्या कुसळाची एक गंमत त्यानं दाखवली. वाळलेलं एक कुसळ माझ्या हातावर ठेवलं आणि वर थुंकी लावली. ते पीळ सोडत गरगर फिरायला लागलं. पहिला पाऊस लागला की असंच फिरत फिरत स्वतःला जमिनीत पेरतं म्हणे. तीस वर्षं मी हीच कुसळं लुगड्यातून वेचून फेकत होते, शिव्या देत.

दोन एकरांत आतापर्यंत साठ प्रकार लिहून झालेत. गवतं, झुडपं, वेली, पावसाळ्यात उगवून दिवाळीला मरणारं सगळं धरून. आजीनं दाखवलेल्या भाज्या वेगळ्या: कुर्डू, तांदुळजा, पाथरी, घोळ, तरोटा. ७२ च्या दुष्काळात सरकारी सुकडी आणि मिलो यायच्या आधी इथंच हिंडून लोकांनी बरबडा आणला, त्याच्या भाकरी खाल्ल्या. आजी सांगायची, पोट दुखायचं पण माणूस मरायचं नाही.

आणि काळीत काय आहे? सोयाबीन. तेवढंच. आठ एकरांत एक पीक.

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाहीये. सोयाबीनच्या पट्टीवरच तुझी चार वर्षांची फी भरली, तुझ्या बहिणीचं लग्न केलं. पण लग्न होऊन आले तेव्हा त्याच आठ एकरांत ज्वारी होती, तिच्या तासांमध्ये तूर, बांधाला अंबाडी, कडेला तीळ, कारळं, एका पट्ट्यात जवस, रब्बीला करडी आणि हरभरा. ज्वारीतही हुरड्याची गुळभेंडी वेगळी, कुचकुची वेगळी, भाकरीची वेगळी. बियाणं आजी कणगीत राख आणि लिंबाचा पाला घालून ठेवायची. कुचकुचीचं शेवटचं बियाणं कधी संपलं ते घरात कुणाला सांगता येत नाही. ते हरवलं असंही म्हणता येणार नाही. एका वर्षी पेरलं नाही, दुसऱ्या वर्षीही पेरलं नाही, तिसऱ्या वर्षी उंदरांनी खाल्लं असेल.

ह्याचा हिशोब येळवसलाच लागतो. भज्जीला काय काय लागतं ते तुला पाठ आहे. तुरीचे दाणे, वालाचे दाणे, ओला हरभरा, वाटाणा, भुईमूग, मेथी, चुका, पातीचा कांदा, गाजर, वांगं, चिंचेचा कोळ. पूर्वी आदल्या दिवशी शेतात एक फेरी मारली की टोपली भरायची. गेल्या वर्षी मी पिशवी घेऊन बाजारात गेले आणि चारशे रुपयांची भज्जी विकत आणली. आपल्याच शेतात, येळवसला पुजतो त्या आपल्याच पांडवांपुढं विकतची भज्जी ठेवली. टोपलीत फक्त चिंच आपली होती, आणि ती माळावरच्या झाडाची.

मधमाशीचं एक सांगायचं राहिलं. ओढ्यापलीकडच्या पाहुण्यांनी कांद्याचं बियाणं धरलं होतं. फुलं आली, माशी येईना. कंपनीचा माणूस म्हणाला, पेट्या भाड्यानं आणा. आपल्याकडं श्रावण-भादव्यात बोरी फुलतात तेव्हा माळावर कान दिला तर गुणगुण ऐकू येते, आणि लिंबावर आग्या मोहोळ दर साली लागतं. पेटीचं भाडं ऐकून मला आपल्या बोरींचा अभिमानच वाटला.

पाखरांत मला फार गती नाही. पण लातूरच्या कॉलेजची पोरं दुर्बिणी घेऊन आली होती मागच्या थंडीत. एक करड्या रंगाचं मोठं पाखरू गवतावरून अगदी खाली, हळूहळू तरंगत जात होतं. मला वाटलं घारच. पोरं म्हणाली, काकू, भोवत्या आहे, मध्य आशियातून आलाय, टोळ आणि नाकतोडे खायला. एवढ्या लांबून माझ्या पोटखराबीवरचे नाकतोडे खायला! त्याच नाकतोड्यांवर तुझे बाबा दर साली औषध मारतात.

गिधाडं मात्र नोंदवहीत 'पूर्वी होती' ह्या पानावर गेली. तू ती पाहिलीच नाहीस. मी नवी नवरी असताना गावात बैल मेला की माळाच्या टोकाला नेऊन टाकायचे, आणि दोन तासांत नुसता सांगाडा उरायचा. मला ओकारी यायची. आजी म्हणायची, नाक दाबू नको, ते गाव धुतायत. तू चालायला लागलास तोवर ती कमी झाली होती, शाळेत जायला लागलास तोवर संपली. नंतर कळलं, जनावराच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक द्यायचे. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं की त्याची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. आपल्या गोठ्यातही ते दिलं असणार. बैल लंगडला की डॉक्टर आला, सुई टोचली, आम्ही पैसे दिले आणि आभार मानले. कुणाच्या मनात होतं? आता मेलेलं ढोर कुत्री खातात, आणि ती माजलेली कुत्री माझ्या करडांवर येतात. दोन करडं नेली यंदा.

सगळं गोडगोडच लिहितेय असं वाटू नये म्हणून हेही सांगते. ह्या माळामुळं आपल्याला तापही आहे. हरणं इथंच बसतात आणि रात्री सोयाबीनच्या कोवळ्या शेंड्यावर येतात. रानडुकरांनी दोन वर्षांपूर्वी भुईमूग उकरला म्हणूनच आपण भुईमूग बंद केला. नुकसानभरपाईच्या कागदाला लागलेला एसटीचा खर्च भरपाईहून जास्त झाला. रात्री पत्र्याचा डबा वाजवत बाबा बांधावर बसतात, त्या गुडघ्यांनी. त्यांना हा माळ नको आहे, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण माळ खोदला तर हरणं कुठं जाणार? खड्ड्यात तर बसणार नाहीत. दिवसाही आपल्या सोयाबीनमध्येच बसतील.

आणि रस्ता नको असंही मी म्हणत नाही. पावसाळ्यात पहिलटकरणीला बैलगाडीतून नेलेलं मी पाहिलंय. मी मुरूमवाल्याला म्हटलं, गावतळं खोल करायचा ठराव झालाय, त्यातला काढा, तळंही होईल, रस्ताही होईल. तो म्हणाला, मावशी, लांब पडतं, डिझेल परवडत नाही. सरपंचांशी बोलून बघते. बघू.

आता तुझ्या पैशाचं. पाच लाख एकरकमी माझ्याकडं नाहीत. गटात माझे सव्वा लाख आहेत, गट अध्यक्षीणबाई कोण ते तुला माहीतच आहे, त्यामुळे ते लगेच निघतील. बकरी ईदच्या बाजाराला सहा बोकड तयार होतील, त्यांचे पन्नासेक हजार धर. गोठ आहेत, आईनं दिलेले, ते मी घालत नाही. बँकेत कर्ज काढायचं तर काळीवर काढू, बाबांशी मी बोलते. बुकिंग दोन महिने पुढं ढकलता येतं का विचार. फ्लॅट घे. मोठा घे. फक्त नळाला पाणी कुठून येतं ते बिल्डरला विचारून घे. पाणी टँकरनं येतं म्हणाला तर टँकर कुठं भरतो तेही विचार.

येळवसला दोन दिवस आधी ये. कडब्याची खोप घालायला बाबांना आता वाकता येत नाही. आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन मी पुढं चालेन, तू मागून घोंगडी घेऊन ये. वाल आणि मेथी यंदा विहिरीजवळ दोन वाफ्यांत लावलीय, चारशेची भज्जी दीडशेवर आणायचा विचार आहे. येताना लॅपटॉप आण. माझी शंभर पानी वही टाइप करून पंचायतीत द्यायची आहे, ती छापील सुंदर पुठ्ठ्याची वही बदलून. साधे मोजे घालू नकोस, कुसळं भरतात.

आणखी एक काम तुझ्याकडं आहे. तू सहा वर्षांचा असशील, वैशाखात माझ्याबरोबर माळावर यायचास. मातकट रंगाचं, उंच पायांचं एक पाखरू होतं. तुरुतुरु पळायचं, मध्येच ताठ उभं राहायचं, पुन्हा पळायचं, उडायचा कंटाळा. तू त्याला 'पळपुट्या' म्हणायचास. एकदा उघड्या मुरमावर त्याची दोन अंडी सापडली, खडे आणि अंडी ओळखू येत नव्हती. ऊन लागेल म्हणून तू डोक्यावरची टोपी काढून त्यांच्यावर ठेवलीस आणि स्वतः उन्हात उभा राहिलास. आजीनं टोपी उचलली. म्हणाली, तिची सावली तिला धरू दे, चल मागं. आपण बोरीखाली बसून बघितलं, आणि ते पाखरू खरंच आलं आणि अंड्यांवर सावली धरून उभं राहिलं.

कॉलेजच्या पोरांनी सांगितलं, त्याला धाविक म्हणतात. अजून आहे ते, वळवाच्या आधी दोन जोड्या दिसल्या. वहीत 'स्थानिक नाव' असा रकाना असतो. गावात कुणालाच त्याचं नाव येईना, तेव्हा मी तिथं पळपुट्या लिहिलं. शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही लागते. नाव तुझं घातलंय. येऊन सही कर.

तुझी,
आई